पोरगं घरात आहे, पण बोलत नाही

आठवी-नववीतलं मूल असलेल्या घरात एक प्रश्न हमखास निघतो. बल्लारपूरसारख्या गावात तो साधारण असा येतो : "सर, सातवीपर्यंत पोरगा दिवसभर टकळी लावायचा. आता काहून बोलत नाही? आमचं काही चुकलं, शाळेत काही झालं, का पोट्ट्याचा स्वभावच तसा?"

विचारणाऱ्यानं उत्तराच्या तिन्ही जागा स्वतःच सांगून टाकलेल्या असतात : घर, शाळा आणि मुलाचा स्वभाव. त्याला यातली एकच जागा हवी असते, म्हणजे तिथं बोट ठेवता येईल. बहुतेक वेळा बोट जातं ते स्वभावावर, कारण मुलगा समोर असतो आणि उलट उत्तर देत नाही. या प्रकरणात आपण तिन्ही जागा नीट पाहू. माझं मत आधीच सांगून ठेवतो. मुलाचा 'स्वभाव' म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो, त्यातला मोठा भाग घरानं आणि शाळेनं घडवलेला असतो, आणि म्हणून तो बदलताही येतो.

१. गाव आधी समजून घेऊ

चंद्रपूर जिल्ह्यातलं, वर्धा नदीच्या काठचं बल्लारपूर ही गोंड राजांची जुनी राजधानी. रेल्वे स्टेशनवर आजही बल्हारशाह हे जुनं नाव आहे. १९४५ च्या सुमारास इथं कागदाच्या कारखान्याची सुरुवात झाली. आजूबाजूला कोळशाच्या खाणी, लाकडाचं मोठं आगार आणि दिल्ली-चेन्नई मार्गावरचं जंक्शन. कामासाठी माणसं चारी दिशांनी आली. एकाच गल्लीत तेलुगू, हिंदी, बंगाली, गोंडी आणि झाडीबोलीच्या वळणाची मराठी ऐकू येते. अनेक घरांत आजी-आजोबा शेकडो किलोमीटरवरच्या मूळ गावी राहतात. म्हणजे घरात मोठी माणसं दोनच, आणि त्यातलं एक पाळीवर. किशोरवयीन मुलाला बोलायला माणूस किती, हा प्रश्न इथं भावनेचा नंतर, आधी हिशेबाचा आहे.

२. 'बरं चाललंय' हे मोजायचं कसं?

ताप थर्मामीटरनं कळतो. मन कसं आहे हे कळायला जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची एक साधी प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल ती विचारते : मन प्रसन्न होतं का? शांत, मोकळं वाटलं का? अंगात उत्साह होता का? सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं का? दिवसभरात मन रमेल असं काही होतं का? प्रत्येक उत्तराला ० ते ५ गुण. 'कधीच नाही' म्हणजे ०, 'सतत' म्हणजे ५. बेरजेला ४ नं गुणलं की शंभरपैकी आकडा मिळतो.

समजा, नववीतल्या एका मुलीची उत्तरं अशी आली : प्रसन्नता ३, शांतपणा २, उत्साह ३, झोपेचा ताजेपणा १, रमणं २. बेरीज ११, चौपट केली की ४४. आकडा ५० च्या खाली असेल तर नीट चौकशी करावी, असा संकेत आहे. याचा अर्थ मुलगी आजारी आहे असा नाही. पण त्या १ कडे बघा. आईला वाटतंय पोरगी चिडचिडी झाली, आणि कागद सांगतोय की तिची झोप होत नाही. पुढची चौकशी झोपेपासून सुरू करता येईल.

या पाच प्रश्नांत मार्कांचा उल्लेख कुठंच नाही, हेही लक्षात घ्या. ८५ टक्के मिळवणाऱ्या मुलाचा आकडा ३२ असू शकतो. मार्क चांगले म्हणजे मूल बरं, हे समीकरण आपण सोडायला हवं, कारण त्यामुळे हुशार मुलांचा त्रास वर्षानुवर्षं कोणाच्या नजरेला पडत नाही.

३. हे वयच तसं, म्हणजे कसं?

'वयच तसं आहे' हे वाक्य अर्धं खरं आहे. १० ते १९ या वयाला किशोरवय म्हणतात. या काळात भावना उसळवणारे मेंदूचे भाग आधी जोर धरतात. थांब, विचार कर, असं सांगणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत राहतो. म्हणून राग पटकन येतो आणि लाज खोल लागते. मित्रासमोर झालेला अपमान मोठ्यांच्या मापानं मोजता येत नाही.

शरीराचं घड्याळही पुढं सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक या वयात उशिरा स्रवतं, त्यामुळे रात्री दहाला झोपणाऱ्या मुलाला आता अकरा-साडेअकरापर्यंत झोपच येत नाही. गरज मात्र आठ ते दहा तासांचीच असते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढं जातो, रात्री कूलर गरम हवा फेकतो आणि शाळा सकाळची होते. पहाटे साडेपाचला उठणाऱ्या मुलाची झोप सहा तासांवर येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा आदेश काढला. लहानांसाठी तो चांगलाच, पण ज्यांचं घड्याळ खरोखर पुढं सरकतं ती आठवी-नववी-दहावीची मुलं त्यात नाहीत.

आता उरलेलं अर्धं. वय सगळ्यांचंच तसं असतं, तरी सगळी मुलं खचत नाहीत. फरक कुठं पडतो?

४. घर : पाळत ठेवून काय कळतं?

अमेरिकेत सातवी ते बारावीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांच्या पाहणीवरचा एक अहवाल १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना मनस्ताप, हिंसा, व्यसन, आत्महत्येचे विचार यांपासून काय वाचवतं, हे त्यात शोधलं होतं. दोन गोष्टी पुन्हा पुन्हा वर आल्या : आई-वडिलांशी जवळीक वाटणं आणि शाळा आपली वाटणं. पालक ठरावीक वेळी घरात हजर असण्याचाही काही उपयोग दिसला, पण जवळिकीइतका सातत्यानं नाही.

पाळीवर जाणाऱ्या घरांना याचा मोठा दिलासा आहे. एक हिशेब मांडू. समजा वडिलांची दोन ते दहाची पाळी आहे. ते रात्री साडेदहाला घरी येतात, जेवून साडेअकराला झोपतात. मुलगा सकाळी सातला ट्यूशनला जातो, पावणेनऊला परततो आणि साडेदहाला शाळेत निघतो. तो संध्याकाळी साडेपाचला येतो, तेव्हा वडील कामावर असतात. दिवसा दोघं जागे आणि घरात असण्याचा वेळ पावणेनऊ ते साडेदहा, म्हणजे पावणेदोन तास. त्यातून अंघोळ, जेवण, दप्तर, इस्त्री वजा करा. उरतो पाऊण तास. त्या पाऊण तासात बहुतेक घरांत वडिलांच्या तोंडी तीनच वाक्यं असतात. "अभ्यास झाला का? मोबाईल ठेव. एवढा उशीर काहून?" तिन्ही वाक्यांना एका शब्दात उत्तर देता येतं, आणि मुलगा तेच देतो. आठवडाभरानं वडील म्हणतात, हा बोलतच नाही.

रातपाळीच्या आठवड्यात हाच हिशेब वेगळा येतो. संध्याकाळी साडेपाच ते सव्वानऊ दोघं घरी असतात. पाळीचं वेळापत्रक आधीच हातात असतं, म्हणजे आपल्या घरात कोणता आठवडा रिकामा जाणार हे आधीच कळतं. रेल्वेच्या रनिंग स्टाफला तेवढंही सुख नाही, त्यांना कॉल कधी येईल सांगता येत नाही. तिथं आई, काका, शेजारच्या मावशी यांच्यापैकी कोणीतरी ती जागा घ्यावी लागते, आणि हे ठरवून करावं लागतं.

वेळ कमी म्हटल्यावर पालक दुसरा मार्ग धरतात : मोबाईल तपासायचा, मित्रांना फोन करायचे, दप्तर उघडून बघायचं. याबद्दल स्वीडनमधल्या मार्गारेट केर आणि हाकन स्टॅटिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००० मध्ये एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. ज्या पालकांना आपली मुलं कुठं जातात, कोणाबरोबर असतात हे माहीत असतं, त्यांची मुलं कमी अडचणीत येतात, हे आधीपासून ठाऊक होतं. त्यावरून सगळे म्हणत, लक्ष ठेवा. या दोघांनी चौदा वर्षांच्या सातशेवर मुलांची आणि त्यांच्या पालकांची माहिती घेऊन विचारलं, की पालकांना हे कळतं कुठून? उत्तर आलं की मुलं आपणहून सांगतात म्हणून. चौकशी करून किंवा बंधनं घालून फारच थोडं कळत होतं.

मग मूल आपणहून केव्हा सांगतं? मागच्या वेळी सांगितल्यावर काय झालं, ते आठवून. नववीतला मुलगा घरी येऊन म्हणतो, "आज वर्गात भांडण झालं." आईचा पहिला शब्द "तू काय केलंस?" असा असेल, तर पुढचं भांडण घरी येत नाही. "मग?" एवढंच म्हणून ती पोळी लाटत राहिली, तर अर्ध्या तासात सगळी हकिकत बाहेर येते. समोरासमोर बसवून "बोल, काय झालं" असं विचारल्यावर या वयातली मुलं गप्प होतात. भाजी निवडताना, गाडी पुसताना, स्टेशनवर पाहुण्यांची वाट बघताना बोलतात, कारण तेव्हा कोणी त्यांच्या तोंडाकडे बघत नसतं.

शिस्त सोडा, असा याचा अर्थ नाही. डायना बॉमरिंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात घरांचे प्रकार पाडले. काही घरांत नुसता हुकूम असतो, काहींत नुसते लाड. तिसऱ्या प्रकारच्या घरात नियम पक्के असतात, पण त्यांचं कारण सांगितलं जातं आणि मुलाचं म्हणणं ऐकलं जातं. अशा घरातली मुलं बहुतेक पाहण्यांत जास्त सुखी आणि जबाबदार दिसली आहेत. रात्री नऊला घरी यायचं हा नियम ठेवा. पण साडेनऊला आला तर दारातच तोफ डागू नका, आधी त्याला आत येऊ द्या.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. मुलगा गप्प झाला तर घर चिंता करतं. मुलगी गप्प झाली तर घर म्हणतं, शहाणी झाली. मासिक पाळी सुरू झाल्यावर तिचं बाहेर खेळणं थांबतं, धाकट्या भावाची जबाबदारी येते, पाणी भरणं येतं, आणि तिच्या गप्प होण्याला गुण म्हणून शाबासकी मिळते. तिची पाच प्रश्नांची बेरीज किती येईल, हे विचारायचं कोणाच्या डोक्यातही येत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून 'सर्च' ही संस्था चालवली. राणीताईंनी मुलामुलींसाठी 'तारुण्यभान' ही शिबिरं सुरू केली, तेव्हा शरीर, पाळी, आकर्षण, लग्न या विषयांवर मोठ्या माणसाला सरळ प्रश्न विचारता येतो हेच अनेकांना नवीन होतं. घरात या विषयांवर बोलायला जमत नसेल तर निदान बोलणाऱ्या बाईंपर्यंत मुलीला पोचू द्यावं.

५. संध्याकाळचा आवाज

दारूबद्दल न बोलता चंद्रपूर-गडचिरोली जिल्ह्यांतल्या मुलांबद्दल लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती १ एप्रिल २०१५ ला आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असावी की नसावी यावर खूप बोललं गेलंय. मुलाच्या बाजूनं मात्र फार थोडं.

पिणाऱ्या बापाच्या घरातलं पोर संध्याकाळी सातनंतर पुस्तक उघडून बसतं, पण वाचत नसतं. त्याचे कान अंगणाकडे असतात. फाटकाची कडी कशी वाजली, चप्पल कशी आपटली, यावरून आजची रात्र कशी जाणार हे त्याला कळतं. धाकट्या बहिणीला कोणत्या खोलीत न्यायचं, आईच्या आणि बापाच्या मध्ये कधी उभं राहायचं, याचा हिशेब ते करत असतं. अशा मुलाला वर्गात कोणी मागून खांद्यावर हात ठेवला तरी ते दचकतं, चटकन हात उगारतं. शाळा म्हणते, मारकुटा आहे. त्याचं शरीर घरात शिकलेलं कामच शाळेतही करत असतं. या मुलाला 'अभ्यासात लक्ष दे' असं सांगण्याआधी त्याचं लक्ष कुठं गुंतलंय हे एखाद्या शिक्षकाला कळलं पाहिजे.

६. शाळा : भिंतीवरची पेटी

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झालं. १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्क्यांना मानसिक आजाराचा त्रास असल्याचं त्यात आढळलं. ६० मुलांच्या वर्गाला हा आकडा लावला तर चार ते पाच मुलं येतात. म्हणजे सरासरीनं प्रत्येक वर्गात. शिक्षकांनी हजेरी घेताना हे मनात ठेवलं तरी फरक पडेल.

शाळा काय करू शकते, याचा आपल्याच देशातला पक्का पुरावा बिहारच्या नालंदा जिल्ह्यातून आलाय. गोव्यातल्या 'संगत' या संस्थेनं तिथल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांमध्ये 'सेहर' नावाचा प्रयोग केला. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. शाळांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट पाडले. एका गटात शाळेबाहेरचा एक साधा प्रशिक्षित माणूस नेमला, 'सेहर मित्र'. तो मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. दुसऱ्या गटात तेच काम शाळेतल्या एका शिक्षकाला दिलं. तिसऱ्या गटात नेहमीचा अभ्यासक्रम चालू राहिला.

काम काय होतं? मुलांनी मनातलं लिहून टाकायची पेटी, भित्तिपत्रक, दर महिन्याला स्पर्धा, मुलांचे गट, शिक्षक-पालकांची समिती, आणि ज्याला हवं त्याच्याशी एकट्यानं बोलणं. सगळं स्वस्तातलं. आठ महिन्यांनी सेहर मित्र असलेल्या शाळांत मुलांना शाळा जास्त आपली वाटू लागली होती, नैराश्याची लक्षणं कमी झाली होती आणि दादागिरी व मारामारीही कमी झाली होती. शिक्षकांनी तेच काम केलेल्या शाळांत मात्र फरक दिसला नाही.

शिक्षक वाईट होते, असा अर्थ यातून काढणं चूक ठरेल. मला त्यातून दिसतं ते असं. शिक्षकाकडे आधीच शिकवणं, खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणं आणि निवडणुकीची कामं असतात. शिवाय मुलाच्या दृष्टीनं तोच माणूस सहामाहीचे गुण देणारा. ज्याच्या हातात पेपर आहे, त्याच्यासमोर मूल रडत नाही. म्हणून दोन-तीन शाळांनी मिळून का होईना, एक असा माणूस ठेवावा जो गुण देत नाही. सैनिक शाळेची भव्य इमारत आपल्या तालुक्यात उभी राहिली याचा अभिमान जरूर असावा. तसाच आग्रह नगर परिषदेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत असा एक माणूस मिळावा यासाठी धरायला हवा.

शाळा आपली वाटण्यात भाषेचाही भाग मोठा असतो. घरात तेलुगू किंवा गोंडी बोलणारं मूल वर्गात मराठीत उत्तर देताना आधी मनात वाक्य जुळवतं. तेवढ्यात दुसरा हात वर करतो. वर्षभर असं झालं की ते हात वर करणं सोडून देतं आणि निकालपत्रावर शेरा येतो : 'सहभाग कमी'. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभांनी २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, ती याच जखमेवरचं उत्तर होतं. बल्लारपूरच्या शाळेला पाच भाषांत शिकवता येणार नाही. पण 'तुमच्याकडे याला काय म्हणतात?' एवढं विचारणारा शिक्षक त्या मुलाला वर्गात जागा देतो.

७. 'मी असाच आहे'

आता तिसरी जागा. मूल स्वतःकडे कसं बघतं?

मार्टिन सेलिग्मन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी यासाठी एक सोपी कसोटी दिली. वाईट काही घडलं की माणूस स्वतःला त्याचं कारण सांगतो. त्या कारणाला तीन प्रश्न विचारायचे : हे नेहमीचंच आहे की या वेळचं? सगळ्या बाबतीत असं आहे की एवढ्यापुरतं? सगळं माझ्यामुळेच की आणखीही काही होतं?

उदाहरण घेऊ. सहामाहीला गणितात ८० पैकी २४ गुण. पास व्हायला २८ लागतात. पहिली मुलगी म्हणते, "मला गणित कधीच येणार नाही, मी आहेच ढ." नेहमीचं, सगळ्यातलं, माझ्यामुळेच. दुसरी म्हणते, "भूमिती मी केलीच नव्हती, आणि त्या आठवड्यात ताप होता. चार गुण कमी पडले." दोघींचे गुण सारखे आहेत. पण पहिलीला करण्यासारखं काही उरलं नाही, दुसरीला भूमितीचं एक प्रकरण उरलंय.

ही भाषा मूल शिकतं कुठून? कागदाच्या मिलमधला फिटर मशीन बंद पडली की बेअरिंग बघतो, बेल्ट बघतो, कुठं घासतंय ते कान लावून ऐकतो. 'ही मशीन नेहमीचीच फालतू' असं म्हणून तो घरी जात नाही. तोच माणूस निकालपत्र हातात आल्यावर मुलाला म्हणतो, "तू नेहमीच असा. तुझ्याच्यानं काही होणार नाही." मुलगा हे वाक्य घेतो, 'तू' काढून 'मी' घालतो आणि वर्षानुवर्षं स्वतःला ऐकवतो. पुढं आपण त्याला स्वभाव म्हणतो. ज्या हाताला मशीनचा दोष शोधता येतो, त्याला "कोणता प्रश्न अडला, दाखव" असं म्हणणं अवघड नाही. ते फक्त कोणी सांगितलेलं नसतं.

दृष्टिकोन बदलण्याचे धडे आजकाल भाषणांतून फार दिले जातात. त्यांची मर्यादाही कळली पाहिजे. मेहनतीनं बुद्धी वाढते हे समजावणारा एक तासाहून कमी वेळाचा ऑनलाइन धडा अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० मुलांवर तपासला गेला. २०१९ च्या निष्कर्षांत अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे गुण थोडे वाढले, चारपैकी ०.१ इतके. नंतर आणखी खोदून पाहिलं तेव्हा कळलं, की ज्यांच्या गणिताच्या शिक्षकाचाही यावर विश्वास होता त्याच मुलांना फायदा झाला. शिक्षकच 'काहींना येतं, काहींना येत नाही' असं मानत असेल तर धडा वाया गेला. मुलाला सकारात्मक विचार कर म्हणणं सोपं आहे. त्या विचाराला वर्गात पाय ठेवायला जागा आहे का, हे मोठ्यांनी बघायचं असतं.

८. आश्रमशाळेतून एव्हरेस्ट

मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सरकारी आश्रमशाळांतली पाच आदिवासी मुलं एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. त्यात मनीषा धुर्वे ही मुलगीही होती. आदिवासी विकास विभाग आणि जिल्हा प्रशासनाच्या या मोहिमेचं नाव 'मिशन शौर्य'. तेव्हापासून प्रत्येक शाळेच्या भाषणात सांगितलं जातं : बघा, जिद्द असली की काय होतं!

जिद्द होतीच. पण मोहिमेला गेलेली मुलं दहा होती. उरलेल्या पाचांची जिद्द कमी होती असं कोण म्हणेल? एव्हरेस्टवर हवा, शरीर आणि प्राणवायू यांचाही निर्णय असतो. आणि ही दहाही मुलं एकटी उठून निघाली नव्हती. निवड झाली, प्रशिक्षक मिळाले, दार्जिलिंगला आणि लडाखच्या थंडीत सराव झाला, शेर्पा सोबत होते, खर्च सरकारनं केला, आणि आई-वडिलांनी परत येईल की नाही याची खात्री नसताना पोरांना जाऊ दिलं. 'मला जमेल' हे या मुलांना वाटू लागलं ते भाषण ऐकून वाटलं नाही. आधी छोटा कडा जमला, मग मोठा. दर वेळी दोर धरणारं कोणीतरी खाली उभं होतं. मुलांचा आत्मविश्वास वाढवायचा असेल तर आधी त्यांच्यासाठी असा छोटा कडा शोधावा लागतो.

दहावीत एक-दोन विषय राहिलेल्या मुलासाठी राज्य मंडळानं २०१५ मध्ये जुलैत फेरपरीक्षा सुरू केली, तो असाच एक उपाय. पूर्वी ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागे आणि वर्ष जाई. आता तेच वर्ष हाताशी राहतं. त्या मुलाला घरात 'वाया गेला' म्हणण्याआधी फेरपरीक्षेची तारीख सांगावी.

९. तिघांतलं एक मूल

हवाई बेटांतल्या काउआई या बेटावर १९५५ मध्ये ६९८ बाळं जन्मली. एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्यांचा माग पुढं कित्येक दशकं काढला. तिथं उसाचे आणि अननसाचे मळे होते, बाहेरून आलेले मजूर होते, अनेक भाषा होत्या. बल्लारपूरच्या माणसाला ते चित्र परकं वाटणार नाही. काही मुलांच्या वाट्याला दारिद्र्य, घरातली भांडणं, पालकांचं व्यसन किंवा मानसिक आजार असं बरंच काही एकदम आलं होतं. त्यातली बहुतेक पुढं अडचणीत सापडली. पण तीनातलं एक मूल मात्र नीट वाढलं, कामाला लागलं, माणसं जोडून राहिलं.

या एक तृतीयांश मुलांत काय वेगळं होतं? काहींचा स्वभाव लहानपणापासून हसरा, माणसांना जवळ ओढणारा होता. घरकामात, भावंडांत त्यांच्यावर एखादी खरी जबाबदारी होती. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या आयुष्यात एक तरी मोठं माणूस भरवशाचं होतं. ते आई-बापच असावे लागत असं नाही. आजी, मावशी, शेजारी, शिक्षक, कोणीही चालत होतं.

बल्लारपूरसारख्या ठिकाणी, जिथं आजी तेलंगणात आणि बाप रातपाळीवर, तिथं हे माणूस आपोआप मिळत नाही. तुमच्या ओळखीतल्या प्रत्येक किशोरवयीन मुलाबद्दल हा एक प्रश्न विचारून पाहा : रात्री अकराला त्याला कोणाला तरी फोन करावासा वाटला, तर तो कोणाला करेल? नाव चटकन आलं नाही, तर कदाचित ती जागा तुम्हालाच घ्यायची आहे.

१०. घराच्या आवाक्याबाहेर जातं तेव्हा

चिडचिड, खोलीचं दार लावून बसणं, केसांची नवी तऱ्हा, मित्रांचं वेड यांनी घाबरून जायचं कारण नाही. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप आणि भूक बिघडली, आवडता खेळ किंवा मैत्री सुटली, शाळेत जायला रोज पोट दुखू लागलं, अंगावर कापल्याच्या खुणा दिसल्या, किंवा 'मी नसलो तर बरं' असं कानावर आलं, तर थांबू नये.

अशा वेळी अनेक पालक सरळ विचारायला घाबरतात. विचारलं तर डोक्यात नको ते येईल, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. "जीव द्यावासा वाटतो का रे?" हे शांतपणे विचारल्यानं कल्पना पेरली जात नाही, उलट मुलाला हायसं वाटतं. उत्तर 'हो' आलं तर ओरडू नका, शपथा घालू नका, त्याला एकटं सोडू नका. घरातलं कीटकनाशक, औषधं, दोर हाताशी राहू देऊ नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

२०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्यात सरकारी दवाखान्यांत किशोरवयीनांसाठी वेगळी समुपदेशन केंद्रं आहेत, महाराष्ट्रात ती 'मैत्री क्लिनिक' या नावानं ओळखली जातात. दवाखान्यात पाय ठेवायलाच संकोच वाटत असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. मूल धोक्यात असेल, घरात मारहाण होत असेल, तर १०९८ वर फोन करावा. तो स्वतः मूल करू शकतं, शेजारी करू शकतो, वर्गशिक्षकही करू शकतात. १४४१६ वर पालकांनी स्वतःसाठी फोन केला तरी चालतो. मुलाशी बोलायचं कसं, हेही तिथं विचारता येतं.